काळी दोन

पऱ्ह्याच्या जुड्या सकाळपासूनच ओसरीवर पडायला लागल्या होत्या. आषाढी पौर्णिमेला दुसरीकडच्या गुरूंना नारळ मिळतो, शाल मिळते. ब्रह्मपुरीच्या अंजनाबाई रामटेके यांना हा पऱ्हा, म्हणजे धानाची रोपं, मिळत. ऐन रोवण्यात, भाताच्या लावणीत, गाणं शिकायला येणाऱ्या मुलींकडे दुसरं असणार तरी काय? फार वर्षांपूर्वी कुणी एकीनं लाजत लाजत आपल्या बांधीतली, भातखाचरातली, एक जुडी आणून बाईंच्या पायाशी ठेवली, आणि बाईंनी ती दुसऱ्या दिवशी घरामागच्या बांधीत लावली. तेव्हापासून तोच रिवाज पडला. पौर्णिमेला विहारापुढच्या मांडवात गाणं, शेवटी बाईंचं स्वतःचं गाणं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून बाईंच्या बांधीत रोवणा. बाईंचा तांदूळ त्यामुळे दहा जातींचा निघायचा, आणि शिजवला की अर्धा कच्चा, अर्धा गिचका व्हायचा. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही.

यंदा मात्र ओसरीसमोर एक जीपही उभी होती. माजरीहून बाईंचा मुलगा हरिदास ती भाड्यानं घेऊन आला होता, आणि मायला तिच्यात बसवून नेल्याशिवाय परत जायचं नाही असं ठरवून आला होता.

हरिदास वाईट मुलगा नव्हता. कोळसा खाणीच्या कचेरीत वीस वर्षं काढलेल्या माणसाला जे जमतं ते सगळं त्याला जमत होतं: वेळेवर जाणं, वेळेवर येणं, आणि संकट यायच्या आत त्याचा बंदोबस्त करणं. पौष महिन्यात मायच्या गळ्यातली गाठ नागपूरला काढली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर रात्रंदिवस तोच बसून होता. मायचा हात त्यानं तेव्हा धरला तो मनातून अजून सोडला नव्हता.

"दादा, जीप आजच काऊन आणली?" सत्यशीलानं त्याला विहिरीपाशी गाठून विचारलं. ती त्याची धाकटी बहीण, एकोणतीस वर्षांची, मायपाशी राहून शाळेत गाणं शिकवणारी. "उद्या रोवणा सरल्यावर आणायची ना."

"उद्या रोवणा सरला का परवा निंदण निघन. तुया मायचं काम कधी सरते का?"

"माही माय हाये, अन् तुई मावशी हाये का?"

हरिदासला हसू आलं, पण त्यानं ते लोट्यातल्या पाण्याबरोबर गिळलं. "तू सांगितलं का तिले? गडचिरोलीचं?"

सत्यशीला विहिरीचा दोर गुंडाळायला लागली. गडचिरोली जिल्हा नवा झाला तशा तिथं शाळाही नव्या निघाल्या होत्या, आणि मुलींच्या एका शाळेनं तिला संगीत शिक्षिका म्हणून बोलावलं होतं. पंधरवड्यात रुजू व्हायचं होतं. मायच्या सावलीत उभं राहून गाण्याचा तिला कंटाळा आला होता, हे ती स्वतःलासुद्धा मोठ्यानं सांगत नसे. लोक तिचं गाणं ऐकून म्हणत, अगदी बाईंसारखं. ती हसून मान डोलवी आणि घरी येऊन जेवत नसे.

"नाई सांगितलं," ती म्हणाली. "तू सांग. तू मोठा हायेस."

"म्हणजे वाईटपणा मी घ्यायचा."

"तुले सवय हाये."

अशी बहीण-भावाची युती झाली. दोघांची कारणं निरनिराळी होती, पण मायनं इथं एकटीनं राहायचं नाही यावर दोघांचं एकमत होतं. रामटेक्यांच्या घरात दोन माणसांचं एकमत ही तशी दुर्मीळ गोष्ट.

अंजनाबाई पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. समोर सोमारी गात होती. जंगलातल्या गावची गोंडाची ही मुलगी आता दोन लेकरांची आई झाली होती, तरी दर शनिवारी एस.टी.ला लोंबकळत शिकायला यायचीच. बाई गळ्यातून काही काढत नव्हत्या. ऑपरेशन झाल्यापासून त्या हातानं शिकवत. तळहात वर गेला की स्वर वर, बोट हललं की गमक, आणि चुकलं की जमिनीवर एक चापट. मुलींना त्या हाताची इतकी सवय झाली होती की एखादी घरी जाऊन भाकरी थापतानाही हाताकडे बघून गुणगुणायची.

हरिदास आत आला, तशी सोमारी थांबली.

"गाऊ दे तिले," बाई म्हणाल्या. त्यांचा बोलण्याचा आवाज पूर्वीही जाडच होता, आता त्याला थोडी घरघर आली होती. "मले ठाऊक हाये तू कायले आलास. बाहेर जीप उभी हाये."

"माय, मी सरळच बोलतो. माह्या क्वार्टरमधी मागची खोली रिकामी हाये. दवाखाना जवळ हाये. इथी तू एकटी राहाशील तं..."

"एकटी काऊन? सत्या हाये ना."

हरिदासनं बहिणीकडं पाहिलं. बहिणीनं उंबरठ्याकडं पाहिलं.

"सत्यशीलाले गडचिरोलीची ऑर्डर आली हाये," तो म्हणाला.

"तेही ठाऊक हाये. ज्या दिवशी आली त्या दिवशी हिनं भाजीत दोनदा मीठ टाकलं." बाईंनी लेकीकडं मान वळवली. "जाशील ना?"

"तुले सोडून कशी जाऊ?"

"म्हणजे जायचं हाये. मंग तसं म्हण ना बाई. मीठ कायले वाया घालवतेस?"

सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं. हरिदासला वाटलं, आता काम सोपं झालं. तो मायच्या जवळ सरकला. "तं मंग झालं ना. सामान आजच बांधू. गाण्याचं काय, माय, तुवं गाणं तं आता..." सोमारी खाली मान घालून तंबोऱ्याच्या तारेवरचा मणी उगीच हलवत होती.

"सरलं, असं म्हणाचं हाये तुले?"

"मी नाई म्हणत. पण सहा महिने झाले तू गायली नाई."

"डॉक्टरनं तीन महिने म्हटलं होतं. बाकीचे तीन मी आळस केला." बाई अगदी बाजाराचा हिशेब सांगावा तशा म्हणाल्या, "आज मी गातो, दरवर्षीसारखी. गाणं पुरं झालं तं मी इथीच राहीन, अन् तू परत कधी जीप आणाची नाई. नाई झालं तं गाणं सरल्याबरोबर तुया जीपमधी बसतो. एक शब्द नाई बोलाची."

"माय, हा काय जुगार हाये का?"

"तुया बानं माह्यासंगं लगन केलं तेव्हाही लोक हेच म्हणत होते."

त्या हसल्या, आणि सोमारीला पुढचं घ्यायची खूण केली. पण हरिदास बाहेर गेल्यावर त्यांचा वर उचललेला तळहात बराच वेळ हवेतच राहिला. खरी गोष्ट अशी होती की पहाटे बांधीच्या धुऱ्यावर, मातीच्या बांधावर, जाऊन त्यांनी आकार लावून पाहिला होता आणि गंधारापर्यंत जायच्या आतच थांबल्या होत्या. आवाज फुटतो का हे ऐकायची त्यांना भीती वाटली होती. आयुष्यात पहिल्यांदाच अंजनाबाई गाण्याला भ्यायल्या होत्या.

मनकर्णेनं हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकलं. हरिदासची बायको असल्यामुळे ती त्याच्या बाजूची, असं सगळेच धरून चालत. तिनंही त्यांना कधी दुरुस्त केलं नव्हतं. पण माजरीच्या क्वार्टरची मागची खोली तिच्या डोळ्यांपुढं आली. खिडकी उघडली की कोळशाची धूळ आत. भिंत इतकी पातळ की शेजारच्याला शिंक आली तर आपण रुमाल शोधावा. तिथं ही बाई सकाळी उठून सा लावणार, आणि शेजारी भिंत ठोकणार. आणि नाही लावला तर? मनकर्णेला ती दुसरी गोष्ट जास्त भयंकर वाटली. न गाणारी सासू दिवसभर घरात बसली तर ती बघणार कशाकडं? सुनेच्या फोडणीकडंच की.

पुढं घरात चेष्टेनं म्हणत, सासू घरी येऊ नये म्हणून सून सासूच्या बाजूची झाली. मनकर्णा ते कधी नाकारत नसे.

ती पाण्याचा पेला घेऊन बाईंकडं गेली. मुली विहाराकडं निघाल्या होत्या.

"आत्याबाई, एक विचारू? तुमचा आवाज गेला असं तुमाले कोणी सांगितलं?"

"अजून कोणी नाई. संध्याकाळी समजन."

"मी तुमचा आवाज रोजचाच ऐकतो ना. आता ह्याइले जीपबद्दल बोलल्या तो चांगला खणखणीत होता."

"तो बोलाचा आवाज हाये, पोरी. गाणं काळी चारमधी हाये."

मनकर्णेला काळी चार म्हणजे पेटीवरची एक पट्टी इतकंच ठाऊक होतं. ती सहज म्हणून गेली, "पण मामाजीसंगं नाटकात गायच्या तेव्हा तं तुम्ही अशाच जाड्या आवाजात गायच्या. माहे वडील सांगत. वडशाच्या थेटरात दोघंजण गायला लागले का समजत नाई म्हणे, कोणता नवरा अन् कोणती बायको."

बाईंनी पेला खाली ठेवला.

नाटकाची ती गोष्ट घरात फारशी निघत नसे. देवराव, हरिदासचे वडील, झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवत आणि वाजवता वाजवता गातही. हिवाळाभर बैलगाडीत ऑर्गन घालून गावोगाव. अंजनाबाई नायिका व्हायच्या. पुरुष मंडळी काळी दोनमध्ये गात, आणि एकाच गाण्यात दोघांनी गायचं तर ऑर्गन मध्येच पट्टी थोडीच बदलणार? म्हणून बाईही नवऱ्याच्या पट्टीत गायच्या, खालून, भरून. लोक वन्समोअर देत. पण पुढं नागपूरचे बुवा शिकवायला लागले ते म्हणाले, हा मर्दानी आवाज मैफिलीत चालायचा नाही. बुवा सुरुवातीला पाण्याचा लोटा आपला घेऊन येत. मग एका वर्षी विसरले ते कायमचेच. त्यांनी एक-एक पट्टी चढवत बाईंना काळी चारवर नेऊन बसवलं. तिथं पोचल्यावर अंजनाबाई नाटकवाली राहिल्या नाहीत, गायिका झाल्या. चांदा, नागपूर, अमरावती, सगळीकडं त्याच पट्टीत गायल्या. काळी चार ही त्यांनी घाम गाळून मिळवलेली जागा होती, आणि ती सोडून खाली येणं म्हणजे पुन्हा बैलगाडीत बसणं.

हरिदासला तर ऑर्गनचं नावही नको असे. शाळेत त्याला ऑर्गनवाल्याचा पोट्टा म्हणत. वडिलांनी शिकवलेलं सगळं त्यानं वडिलांबरोबरच चितेवर ठेवलं होतं.

तो ऑर्गन मागच्या खोलीत होता. त्याच्यावर लोणच्याच्या बरण्या होत्या. देवरावांचा जुना तबलजी पोचू दरवर्षी पौर्णिमेआधी येऊन त्याच्या भात्याला डिंक लावून जाई. कशासाठी ते कुणी विचारत नसे. मनकर्णेनं बरण्या खाली उतरवल्या, फडकं मारलं आणि चार मुलींना हाक दिली.

"हा उचला अन् विहारात नेऊन ठेवा."

"कोण वाजवते, वहिनी?"

"कोणी नाई. मांडवात शोभा येते."

मुलींनी ऑर्गन उचलला. वर मनकर्णेनं झेंडूची एक माळ टाकली, म्हणजे शोभेचं कारण खरं वाटावं.

वंदना झाली. धम्मगाथा म्हणून झाल्यावर मांडवात माणसं दाटीनं बसली. मुलींचे बाप, भाऊ, रोवण्यावरून तशाच आलेल्या बाया, वडशाहून नाटकवाले. टिनाच्या छतावर मधूनच सर येऊन जाई. मुली एकामागून एक गायल्या. सोमारी गायली तेव्हा तिच्या सासऱ्यानं, लालसूनं, इतक्या अभिमानानं इकडंतिकडं बघितलं की जणू तानाही त्याच्याच शेतात पिकल्या होत्या.

मग अंजनाबाई पुढं येऊन बसल्या. पांढरं लुगडं, गळ्याशी पदर ओढलेला. मागं तंबोऱ्यावर सत्यशीला, तबल्यावर पोचू.

सत्यशीलानं तंबोरा सकाळीच काळी चारला लावला होता. दमट हवेनं तारा उतरत होत्या, आणि दर अर्ध्या तासानं ती त्या चढवत होती. एकदा तिच्या मनात आलं होतं, एक पट्टी खाली लावावी, कुणाला कळणार नाही. पण तिचा हात खुंटीवरून मागं आला. मायची पट्टी उतरवायची म्हणजे मायला उतरवायचं. गाण्याच्या जगात असंच बोललं जातं: अमक्याची पट्टी उतरली, म्हणजे अमका संपला. आज सगळ्यांपुढं ती मायचा इतका तरी मान राखणार होती. प्रेमापोटी माणूस जी चूक करतो ती करताना त्याचा हात जराही कापत नाही.

बाईंनी दरवर्षीसारखा गौड मल्हार धरला. सुरुवात बरी झाली. मध्यमावर त्या टेकल्या, पंचमाला हात लावून आल्या. सत्यशीलाचा श्वास मोकळा झाला. मग तान वर निघाली, आणि वरच्या षड्जापाशी आवाज फाटला.

पोचूनं ठेका चालू ठेवला. बाई समेवर आल्या, पुन्हा वर गेल्या. पुन्हा फाटला. या वेळी नुसती हवा आली.

मांडवात कुणी खोकललंसुद्धा नाही. हरिदास खांबाला टेकून उभा होता. तो पैज जिंकत होता, आणि त्याचा चेहरा असा झाला होता की त्याच्याकडं बघवेना. मायला उठवून घेऊन जावं, जीपमध्ये बसवावं, लोकांच्या नजरेआड करावं, असं त्याला झालं. त्यानं एक पाऊल पुढं टाकलंही.

बाईंनी हात वर केला. शिकवताना करत तसाच, तळहात पुढं. पोचू थांबला.

त्या घोटभर पाणी प्यायल्या. मग मागं न वळता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलण्याच्या आवाजात म्हणाल्या, "सत्या, तंबोरा उतरव."

सत्यशीलाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ती पुढं वाकून कुजबुजली, "माय, लोक ऐकून राह्यले."

"त्याइच्यासाठीच बोलून राह्यलो. उतरव."

"किती?"

"काळी दोन."

पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी एकमेकांकडं पाहिलं. भर मैफिलीत आपली पट्टी सोडायची, तीही अशी तोंडानं सांगून, आणि पुरुषाच्या पट्टीवर यायचं! सत्यशीलानं खुंट्या फिरवल्या. पण बायकांचा तंबोरा तो. तारा इतक्या खाली आल्यावर दोरीवरच्या ओल्या लुगड्यासारख्या लोंबल्या. तिनं छेडलं, तर नुसती फडफड झाली. पुन्हा फिरवलं.

"नाई पुरत, माय," ती रडवेली होऊन म्हणाली. "हा तंबोरा इतका खाली येतच नाई."

बाई समोर बघत राहिल्या. आधाराला स्वर नाही, आणि स्वराशिवाय बडा ख्याल म्हणजे धुऱ्याशिवायची बांधी. पाणी ठरणार कुठं? आता मात्र झालं, असं सत्यशीलाला वाटलं. आपणच सकाळी हट्टानं तारा चढवल्या होत्या.

हरिदासचं ते पुढं टाकलेलं पाऊल अजून तिथंच होतं. त्याची नजर बाजूला गेली. झेंडूची माळ घातलेला वडिलांचा ऑर्गन. हा इथं कसा, असं त्याच्या मनात आलं. मनकर्णेकडं पाहिलं तर ती अगदी निरागसपणे छताकडं बघत होती.

काळी दोन. दोन काळ्या जवळजवळ असतात त्यातली उजवीकडची. वडील त्याचं बोट धरून तिथं ठेवत. म्हणत, ही तुया मायची अन् माही पट्टी, बाकी सगळा ऑर्गन दुसऱ्याइचा.

काय होतंय हे कळायच्या आत तो ऑर्गनपाशी जाऊन पोचला होता. त्यानं पायातले जोडे काढले, माळ बाजूला केली, आणि पाय भात्यावर ठेवले. पहिल्या दाबाला नुसता वारा निघाला. दुसऱ्याला स्वर भरला. षड्ज आणि पंचम, जाड, जुना, थोडा कातड्याचा वास येणारा स्वर. मांडवाच्या मागच्या भागात वडशाचे म्हातारे होते, ते एकदम ताठ बसले.

अंजनाबाईंनी डोळे मिटले. मग अगदी खालून, जिथून त्या रागवत, मुलींना हाका मारत, तिथूनच आवाज निघाला. मंद्र निषाद, कोमल ऋषभ, षड्ज.

पूरिया. ह्या रागात पंचम नसतो. कचेरीत वीस वर्षं काढलेल्या हरिदासचं बोट पंचमावरून आपोआप उचललं गेलं आणि खालच्या निषादावर जाऊन बसलं. कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी वळून पाहिलं नाही, फक्त गाता गाता "हं" केलं. लहानपणी बरोबर आलं की एवढंच व्हायचं. हरिदासला पुढचं सगळं धूसर दिसू लागलं, पण त्यानं पाय थांबवला नाही.

पूरिया खालीच रमणारा राग. वर चढायची त्याला घाई नसते. बाई मंद्रात उतरत गेल्या, इतक्या खाली की काळी चारमध्ये तिथं जायचं धाडस त्यांनी कधी केलं नसतं, आणि आवाज कुठंच फाटेना. उलट भरतच गेला. घरघर होती, तीही स्वरात मिसळून गेली. सत्यशीलानं मुका तंबोरा मांडीवर घट्ट धरला होता. इतकी वर्षं तिची माय एका आवाजात बोलायची आणि दुसऱ्या आवाजात गायची. आज पहिल्यांदाच दोन्ही आवाज एक झाले होते. आणि हा आवाज, तिच्या लक्षात आलं, तिला कधी काढता येणार नाही. तो फक्त मायचा होता. आश्चर्य म्हणजे हे कळल्यावर तिला वाईट वाटलं नाही. एवढं हलकं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. माय तिच्या जागेवर गेली होती. काळी चार आता रिकामी होती, आणि ती तिची होती.

पोचू म्हातारा, पण त्याच्या बोटांना वडशाचं थेटर आठवलं असावं. द्रुत सुरू झालं तसा तो असा वाजवायला लागला की बाईंनी एकदा डोळे उघडून त्याच्याकडं पाहिलं आणि हसल्या. तान मंद्रातून उठून मधल्या सप्तकात फिरून, वरच्या षड्जाला नुसता धक्का देऊन परत आली. या वेळी तो षड्ज सापडला. काळी दोनमधला, आपल्या आवाक्यातला, पण पूर्ण.

समेवर त्या थांबल्या. मग मागून लालसूचा घोगरा आवाज आला.

"वन्समोअर."

ब्रह्मपुरीतल्या चार जाणत्यांनी चमकून मागं पाहिलं. ख्यालाला कुणी वन्समोअर देत नसतं. पण वडशाच्या म्हाताऱ्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही दिला. मग रोवण्याच्या बायांनी, मग मुलींनी, आणि मग त्या चार जाणत्यांनीसुद्धा.

"घ्या," अंजनाबाई म्हणाल्या, आणि द्रुत पुन्हा पहिल्यापासून गायल्या.

सगळं आवरलं तेव्हा ढगाआडून चंद्र नुकताच वर येत होता. जुड्यांचा ढीग मांडवाच्या कोपऱ्यात हिरवागार पडला होता. हरिदास जोडे घालायचं विसरून ऑर्गनपाशी तसाच बसला होता.

"हरिभाऊ," पोचूनं तबला गुंडाळत विचारलं, "डिंक चांगला बसला ना भात्याले?"

"बसला, पोचूभाऊ. तुम्हाले ठाऊक होतं का असं होईन?"

"मले काय ठाऊक. देवरावभाऊनं सांगितलं होतं, भाता सुकू नको देजो. म्हून लावत गेलो."

सत्यशीला तंबोरा घेऊन आली आणि तो मायच्या पायाशी ठेवायला वाकली. बाईंनी तो परत तिच्या हातात दिला.

"हा घेऊन जाजो गडचिरोलीले. तुया पट्टीचा हाये. माह्या कामाचा नाई आता."

"अन् तू?"

"मले ऑर्गन हाये."

"ऑर्गन हाये, पण संगं माणूस?" हरिदास म्हणाला. हरला होता तरी त्याची काळजी हरली नव्हती. "तुले इथी एकटी ठेवून मी कसा जाऊ?"

सोमारी पुढं आली. "पाळी लावू, दादा. रोवण्याले नाई का, आज तुयाकडं, उद्या माह्याकडं? तसं. एकएकीनं आठ-आठ दिवस बाईपाशी राहाचं. पयली पाळी माही. शिकणंही होईन."

"लेकरं?"

"तेही येतीन. रडले तं सुरात रडतीन."

हरिदासनं बायकोकडं पाहिलं. मनकर्णा म्हणाली, "मी तं म्हणतो, तुम्हीच महिन्याचे दोन रविवार या. ऑर्गनले माणूस पायजे ना." मग सासूकडं वळून, जरा हळू, "क्वार्टरच्या मागच्या खोलीत मी आपलं लोणचंच ठेवीन, आत्याबाई."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताखाली मनकर्णेला का कुणास ठाऊक, रडू आलं.

जीपवाला कंटाळून जवळ आला होता. त्याला सकाळी एक ट्रंक, एक वळकटी आणि एक म्हातारी असं सांगितलं होतं. "साहेब, सामान कुठी हाये? उशीर होऊन राह्यला."

हरिदास उत्तर द्यायच्या आत अंजनाबाई चालत जाऊन जीपमध्ये पुढं बसल्या. सगळे थबकले. ठरल्याप्रमाणे त्या जिंकल्या होत्या. मग जीपमध्ये कशाला?

"काय बघता?" बाई म्हणाल्या. "शेवटची एस.टी. गेली. ह्या पोट्ट्या घरी कशा जातीन? बसा व मागं. आपापल्या गावी उतराचं अन् सकाळी रोवण्याले बरोबर येजा. हरी, तू घरी जाय अन् पॅन्ट बदल. उद्या तुलेही चिखलात उतराचं हाये."

मुली हसत-ढकलत मागं चढल्या. सहा जणांच्या जागेत किती बसल्या ते जीपवाल्यानं मोजलं नाही. सोमारीनं कुणाचं तरी लेकरू मांडीवर घेतलं.

जीप निघाली तशी आतून पूरिया सुरू झाला. सगळ्या मुली आपापल्या पट्टीत, आणि सगळ्यांच्या खालून, ठणठणीत, अंजनाबाई. चौकात जीप क्षणभर थांबली. डावीकडचा रस्ता माजरीचा होता. ती उजवीकडं, वैनगंगेच्या बाजूला, वळली.